माणसाचे बोलणे आणि मानसशास्त्राचा विद्यार्थी

मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून एक गोड गैरसमज आढळतो. पाहुण्यांपुढे मुलीची ओळख करून देताना वडील म्हणतात, "ही सायकॉलॉजी करते", आणि पाहुणे लागलीच विचारतात, "मग आमच्या मनात काय चालले आहे ते सांग पाहू!" ती बिचारी हसून वेळ मारून नेते. वस्तुस्थिती अशी की, पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत तिने छापील प्रश्नावल्या, सेकंद मोजणारे घड्याळ आणि गुणांची कोष्टके ह्यांपलीकडे फारसे काही हाताळलेले नसते. समोर बसलेल्या माणसाला "तुमचे काय चालले आहे ते सांगा" एवढेच म्हणून त्याचे बोलणे तासभर निमूटपणे ऐकण्याचा प्रसंग तिच्यावर येतो तो प्रकल्पाच्या निमित्ताने, आणि तो प्रसंग तिला वाटला होता त्याहून पुष्कळ अवघड निघतो. श्रोतेहो, आज मला त्या अवघडपणाविषयी बोलायचे आहे.

ह्या विद्येला आरंभापासून दोन वाटा आहेत. १८७९ साली विल्हेल्म वुंट ह्यांनी जर्मनीत लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, आणि तेव्हापासून ही विद्या मोजमापाच्या वाटेने चालू लागली असे आपण शिकतो. परंतु भाषा, पुराणकथा आणि रूढी हे विषय प्रयोगशाळेच्या चिमटीत सापडणारे नव्हेत असे त्याच वुंटांचे मत होते, आणि १९०० ते १९२० ह्या काळात त्यांनी लोकमानसावर दहा खंड लिहिले. पाठ्यपुस्तकांत प्रयोगशाळेला अख्खे प्रकरण मिळते. दहा खंडांची बोळवण एका ओळीत होते. ह्या दुसऱ्या वाटेला आज गुणात्मक संशोधन असे म्हणतात. किती माणसांना किती गुण पडले हे तीत पाहायचे नसते. एखादा अनुभव माणसाला कसा आला आणि त्याचा अर्थ तो स्वतः काय लावतो, हे त्याच्याच शब्दांतून समजून घ्यायचे असते. इंग्लंडात ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता हवी असलेल्या पदवीक्रमांत ही पद्धती शिकवावीच लागते. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि संशोधनप्रकल्प आले, आणि जी गोष्ट पूर्वी एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या आग्रहाने होत असे ती आता लहान गावांतल्या विद्यार्थ्यांच्याही वाट्याला आली.

ह्या कामाचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून आपण पुण्यामुंबईचे उदाहरण घेऊ नये, नातेपुते घ्यावे. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यातले हे गाव. नीरेच्या उजव्या कालव्याने ह्या तालुक्यात ऊस आणला आणि उसाने साखर कारखाने आणले. जवळच्या डोंगरावर शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. चैत्रात त्याच्या कावडी चढतात. आणि आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरड मागे टाकून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते, ती रात्रीच्या मुक्कामाला नातेपुत्यास येते. दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याला गोल रिंगण होऊन सोहळा माळशिरसकडे निघून जातो. त्या एका रात्री गावात गावाच्या वस्तीहून कितीतरी पट माणसे उतरलेली असतात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला विषय शोधायला ह्या शिवेबाहेर पाऊल टाकावे लागू नये. घरी वारकरी उतरवून घेणाऱ्या बायका आहेत, हंगामात कोप्या घालून राहणारी ऊसतोड कुटुंबे आहेत, आणि अभ्यासिकेत बसून वर्षामागून वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आहेत.

मात्र प्रश्न विचारायला गेलेल्या मुलीला पहिला प्रश्न समोरूनच येतो. "कुणाची गं तू?" आडनाव सांगितले की वाडी विचारली जाते, वाडी सांगितली की चुलत्याचे नाव निघते. संशोधकाने आपण कोण आहोत, कोणत्या घरातून व कोणत्या जातीतून आलो आहोत ह्याचा विचार अहवालात लिहावा असे पुस्तके सांगतात. इथे तो विचार मुलाखत देणारी बाईच आधी करून मोकळी होते. आणि मग काय सांगायचे ह्यापेक्षा काय सांगायचे नाही हे तिच्या मनाशी ठरते. मुलगी भावकीतली असेल तर बांधाचा तंटा वगळला जातो. दुसऱ्या आळीतली असेल तर घरातली धुसफूस वगळली जाते. अगदी परक्या गावची मुलगी असती तर कदाचित हे दोन्ही सांगितले गेले असते आणि तिसरेच काही झाकले गेले असते. ह्यांपैकी कोणते बोलणे खरे, असे विद्यार्थी फार कळवळून विचारतात. प्रश्नावलीच्या शिकवणुकीमुळे त्यांची अशी समजूत झालेली असते की, उत्तर हे विहिरीतल्या पाण्यासारखे आधीपासून आत असते आणि आपण फक्त पोहरा सोडायचा. बोलणे हे दोघांत मिळून घडते, विचारणारा बदलला की ते बदलते, ही गोष्ट वर्गात सांगून पटत नाही. ओसरीवर बसल्यावर पटते.

त्याआधी एक कागद मध्ये येतो. माणसावर संशोधन करायचे तर त्याची जाणती संमती घ्यावी, असा आता सर्वत्र दंडक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचा सविस्तर विचार केलेला आहे. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तटस्थ साक्षीदारासमक्ष अंगठा घ्यावा असेही त्यांत आहे. नियम चांगला आहे. परंतु आपल्या खेड्यांत अंगठ्याला एक जुना इतिहास आहे. सावकाराच्या आणि खरेदीखताच्या कागदावर उठलेल्या अंगठ्याने जमिनी गेल्याच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात. जी म्हातारी दोन तास मोकळेपणी बोलायला तयार असते तीच शाईची डबी पाहून गप्प होते. शहाणा मार्गदर्शक अशा वेळी सगळे तोंडी समजावून देण्याची आणि तिचा होकार तिच्याच आवाजात नोंदवून घेण्याची मुभा संस्थेकडून आधीच मागून ठेवतो. पुष्कळ विद्यार्थी मात्र सह्यांचा गठ्ठा ही संमती असे समजतात आणि तो अहवालाच्या शेवटी जोडून देतात. सह्या जोडल्या की नावे उघडी पडली, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

पुढचा प्रसंग कोणा एकीचा नव्हे. थोड्याफार फरकाने तो अशा अनेक कामांत घडतो, आणि मी तो मुद्दाम मिसळून सांगत आहे. का, ते पुढे कळेल. विद्यार्थिनी पालखीच्या मुक्कामाविषयी विचारायला गेली आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू आहे. ती विचारते, "काकू, घरी इतकी माणसं उतरतात, तर तुम्हाला ताण येतो का?" काकू म्हणतात, "अगं बाई, माउली दारी येते, तिथं ताण कसला?" पुढच्या दहाही प्रश्नांची उत्तरे ह्याच सुरात येतात. मुलगी हिरमुसते, आभार मानते, यंत्र बंद करते. चहा येतो. आणि मग काकू म्हणतात, "गेल्या साली टाकी सांजच्यालाच रिकामी झाली. पोराला दोनदा पाण्याला धाडलं. कंबर चार दिवस हलू देईना. पण हे कुणाला सांगायचं न्हाई, बरं का."

ह्या क्षणी त्या मुलीच्या मनाची जी ओढाताण होते, ती मला ह्या सबंध अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तिला हवे होते ते सापडले आहे, आणि ते वापरू नकोस असे तिला त्याच दमात सांगितले गेले आहे. पुष्कळ जण घरी येऊन ते वाक्य आठवणीने लिहून काढतात आणि अहवालात घालतात. नाव तर दिलेले नाही ना, असे मनाचे समाधान करून घेतात. खरे पाहता करावयाचे ते अगदी साधे आहे. पुन्हा जाऊन विचारावे: "काकू, तुम्ही ते कंबरेचं बोललात, ते मी लिहू का?" काकू नाही म्हणाल्या तर ते वाक्य गेले. चांगले वाक्य सोडून देण्याचे दुःख काय असते हे विसाव्या वर्षी कळले तर ते वाया जात नाही.

ह्या दोन उत्तरांपैकी पहिले वरवरचे आणि दुसरे खरे, असा निर्णय विद्यार्थी चटकन करतात. तो निर्णय घाईचा आहे. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर गंगाकाठी राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केला, तो येथे आठवतो. २०१२ साली त्यांनी प्रश्नावलींच्या आधारे असे दाखवले की, मेळ्यात जाऊन आलेल्यांना आपली प्रकृती व मनःस्थिती सुधारल्यासारखी वाटते. घरी राहिलेल्यांत तसा फरक दिसला नाही. हे झाले किती व कोणाला, ह्याचे उत्तर. तथापि कडाक्याच्या थंडीत तंबूत राहून, पहाटे गार पाण्यात बुडी मारून माणसाला बरे कसे वाटते, हे आकड्यांवरून उलगडेना. त्यासाठी कल्पवासींना थंडीविषयी बोलते करावे लागले, आणि तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या लोकांनी थंडी नाकारलेली नव्हती. थंडी वाजते हे ते सांगत होते, आणि ती सोसणे हा आपण येथे जे कोणी म्हणून आलो आहोत त्याचाच भाग आहे, असेही सांगत होते. नातेपुत्याच्या काकूंची कंबर आणि माउली ही दोन्ही अशीच एका घरात नांदतात. चांगला विद्यार्थी दोघांनाही जागा देतो.

आपल्या वाटेवरही कोणी आधी चालून गेलेले आहे. डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्राच्या विदुषी इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पायी चालल्या, आणि "परिपूर्ती" ह्या १९४९ सालच्या पुस्तकात त्यांचा "वाटचाल" हा लेख आहे. त्या मानसशास्त्राच्या नव्हेत, आणि तो लेख अहवाल म्हणूनही लिहिलेला नाही. तरी मी तो विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला वेगळ्या बसतात हे बाईंनी पाहिले, त्याचे आपल्याला झालेले दुःख लिहिले, आणि त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या तेव्हा त्यांच्याशी जवळीक वाढली हेही लिहिले. पाहणारी बाई चित्राच्या आत आहे आणि ती ते लपवत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षे "असे आढळून आले", "असे दिसून येते" असे कर्ता गाळून लिहायला शिकवलेले असते. मग एकदम "मी" लिही म्हटले की ते बिचकतात. काही जण तर इतके मोकळे होतात की अहवालात काकू मागे पडतात आणि विद्यार्थिनीचे मनोगतच पानेच्या पाने चालते. हेही होऊ नये.

मग भाषेचा पेच. मुलाखत माळशिरस तालुक्याच्या मराठीत, आणि अहवाल बहुधा इंग्रजीत. तासाभराचे बोलणे कागदावर उतरवायला चार-सहा तास सहज लागतात; ते काम एकदाचे संपले की भाषांतर सुरू होते आणि तेथे पुष्कळ काही सांडते. "जीवाला घोर लागलाय", "मन लागत नाही", "डोकं सणकलंय", "जीव घाबराघुबरा होतो" ह्या चारही गोष्टींना विद्यार्थी "अँग्झायटी" हा एकच शब्द लावून टाकतो. घोर हा दुसऱ्या कोणाविषयी असतो, बहुधा लेकराविषयी. मन न लागणे हे एखादी जागा किंवा माणूस गेल्यावर होते. सणकणे ह्यात राग आहे. घाबराघुबरा होतो तो जीव छातीत होतो. चार वेगळ्या दुखण्यांना एक नाव दिले की काम सोपे होते आणि मानसशास्त्र नाहीसे होते. उलट बाजूने पाहावे तर "टेन्शन" हा शब्द आता खेड्यातल्या म्हातारीच्याही तोंडी आहे, आणि तिचे टेन्शन पुस्तकातल्या टेन्शनशी जुळेलच असे नाही. मूळ मराठी शब्द तसाच ठेवून खाली समजूत द्यावी, असे मी सुचवतो. पाने वाढतात, अशी कुरकुर होते. वाढू द्यावीत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी वरचा प्रसंग मिसळून सांगितला. नाव गाळले की माणूस लपतो, ही समजूत शहरात जन्मलेली आहे. पुण्यात "एक बावन्न वर्षांची विधवा, चहाची टपरी चालवते" असे लिहिले तर ती कोण हे कोणाला कळणार? नातेपुत्यासारख्या गावी त्याला "एसटी स्टँडजवळ" एवढे शब्द जोडले की सारे गाव बोट दाखवील. अहवाल कोण वाचतो म्हणा! परंतु त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहते, आणि पुढच्या वर्षी विषय शोधणारी मुलगी ती काढून पाहते, ती त्याच टपरीशेजारची असते. वय थोडे बदलावे, धंदा बदलावा, दोन माणसांचे बोलणे एकत्र विणावे, काही वाक्ये निक्षून गाळावीत, असे उपाय आहेत. परंतु प्रत्येक उपायाने सत्याचा थोडा कण झडतो. किती झडू द्यावा हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. परदेशी पुस्तके ह्या बाबतीत थोडीफारच मदत करतात. मुलाखत देणारा माणूस पदवीच्या समारंभानंतरही त्याच गल्लीत राहणार आहे, आणि मुलाखत घेणारीही.

अभ्यासिकेतल्या मुलांवर काम करणाऱ्यांचा अनुभव आणखी वेगळा. तेथे विचारणारा एकवीस वर्षांचा आणि सांगणारा अठ्ठावीस वर्षांचा. सांगणाऱ्याचे तीन-चार प्रयत्न झालेले, घरून येणारे पैसे कमी होत चाललेले, गावात लग्नाची बोलणी थांबलेली. विचारणारा टिपणे घेत असतो आणि मध्येच त्याच्या ध्यानात येते की, पुढच्या वर्षी ह्याच खुर्चीवर आपण बसणार आहोत. घरी गेल्यावर त्याला झोप येत नाही. प्रयोगशाळेच्या तासाला असे कधी झालेले नसते. आणि समजा, बोलता बोलता त्या मुलाने जगण्याचाच कंटाळा आल्याचे सांगितले, तर? पदवीचा विद्यार्थी हा उपचारक नव्हे. त्याने सल्ला देऊ नये, आणि ऐकून गप्पही बसू नये. लगेच मार्गदर्शकाला कळवावे, त्या मुलाला एकटे सोडू नये, आणि १४४१६ हा "टेलिमानस" सेवेचा क्रमांक त्याच्या हाती द्यावा. भारत सरकारने ही सेवा २०२२ साली सुरू केली आहे. गुप्ततेचे वचन देतानाच "जिवाला धोका दिसला तर मला कोणाला तरी सांगावे लागेल" हे वाक्य त्यात घालून ठेवावे लागते. हे सगळे मुलाखतीच्या आदल्या दिवशी ठरलेले असावे. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी एकेका मार्गदर्शकाकडे इतके विद्यार्थी असतात की त्याला विषयाचे नाव वाचून सही करण्यापलीकडे सवड नसते. काही मुले मग मुलाखती घरी बसूनच रचतात. रचलेली मुलाखत ओळखू येते. तीत प्रत्येक माणूस पूर्ण वाक्यात बोलतो.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हटकून येतो: "आठ माणसांवरून काय सिद्ध होते?" विद्यार्थी खाली पाहतो. वास्तविक त्याने निर्भयपणे म्हणावे की, गावातल्या किती बायकांना पालखीचा त्रास होतो हे आठ जणींवरून सिद्ध होत नाही, आणि ते माझे म्हणणेही नाही. माउलीविषयीचा आदर आणि दुखणारी कंबर ही दोन्ही एक बाई कशी सांभाळते, हे मी आठ घरी जाऊन पाहिले. परंतु हे उत्तर द्यायला परीक्षकाचाही थोडा अभ्यास असावा लागतो. आकड्यांना मान आणि बोलण्याला कमी मान, ही शिडी विद्यार्थी पहिल्या वर्षापासून पाहत असतो, आणि आपण सोप्या वाटेने आलो की काय असा न्यूनगंड बाळगतो. त्याच्या शेजारच्या मुलाने शंभर प्रश्नावल्या एका दुपारी वर्गात वाटून परत गोळा केलेल्या असतात!

मुलाखतींतून सूत्रे काढण्याच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क ह्या दोन विदुषींनी २००६ साली त्याची एक पद्धत मांडली, ती आज जगभर विद्यार्थ्यांच्या हाती आहे. सूत्रे आपोआप वर तरंगून येतात ह्या बोलण्याला त्यांचा आक्षेप आहे. सूत्र हे संशोधकाने पुन्हापुन्हा वाचून, विचार करून घडवायचे असते. आमच्याकडे पायऱ्या पाठ होतात आणि हा आक्षेप राहून जातो. अलीकडे तर मुलाखत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला देऊन पाच मिनिटांत सूत्रे मागवण्याची सोय झाली आहे. सूत्रे येतातही, व्यवस्थित येतात. परंतु काकूंनी आपला आवाज त्या मुलीला दिला होता, दूरच्या कोणा कंपनीच्या यंत्राला दिला नव्हता. तसे करायचे असेल तर तेही संमतीच्या वेळी सांगितले पाहिजे, आणि सांगितल्यावर किती जणी हो म्हणतील ते पाहावे.

अहवाल देण्याआधी ज्यांचे बोलणे त्यांना वाचून दाखवावे, ही चाल काही महाविद्यालयांत आहे. तीत वेळ जातो आणि कधी कधी चांगला उतारा हातचा जातो. कधी उलटही होते, ऐकून बाई म्हणते, "मी एवढं बोलले व्हय?" आणि आणखी चार गोष्टी सांगते. निकाल लागल्यावर ध्वनिमुद्रणाचे काय करायचे, हे मात्र सहसा कोणी ठरवलेले नसते. ते मुलीच्या मोबाइलमध्ये लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहते, मोबाइल धाकट्या भावाकडे जातो, पुढे विकला जातो. कोणत्या तारखेला पुसणार ते संमतीच्या वेळीच सांगावे, आणि त्या तारखेला पुसावे. पालखीवर काम करू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: मुक्काम एकाच रात्रीचा असतो आणि तो महाविद्यालये नुकतीच उघडत असताना येतो, तेव्हा परवानग्या, प्रश्न आणि घरे आदल्या सत्रातच ठरली पाहिजेत. त्या रात्री मुलाखती घेऊ नयेत. त्या रात्री पाणी भरायला मदत करावी, आणि बोलायला आठ दिवसांनी जावे.